धर्माच्या गायी, दात का गं नाही?

फिलिपिन्समध्ये निवडणूक आली की दाढा हलू लागतात. ‘लिब्रेंग बुनोत’, म्हणजे फुकटात दात उपटून मिळणं, हा तिथल्या लोकसेवेचा जुना, खात्रीचा प्रकार. बास्केटबॉलच्या मैदानात प्लास्टिकच्या खुर्च्या, वर उमेदवाराच्या अख्ख्या बत्तिशीचा फ्लेक्स, खाली गाल धरून बसलेले मतदार. परदेशातूनही डेंटिस्ट सेवेला येतात. त्यांना मतं नको असतात, फोटो पुरतात.

ठणकणारी दाढ गेली की माणूस रात्री झोपतो, तेवढं पुण्य त्यांच्या पदरात घालूच. पण उपटण्याचा खरा गुण वेगळाच: दात मोजता येतात. सकाळी रांग, संध्याकाळी आकडा. भरलेली दाढ टिकली का, हे बघायला वर्षाने परत यावं लागतं. उपटलेली दाढ तक्रार घेऊन येत नाही. मग वाचवता येण्यासारखी दाढही निघते. धर्माच्या गायीला दात नसले तर विचारू नये म्हणतात. इथे दात घेणाऱ्याचेच जातात.

वीज नाही, ड्रिल नाही, म्हणून उपटतो, ही सबबही शिळी झाली. नुसत्या हाताच्या हत्यारांनी कीड खरवडून सिमेंट भरायची पद्धत टांझानियात 1980 च्या दशकातच निघाली. त्या पद्धतीत आता वापरतात ते ग्लास आयोनोमर सिमेंट आणि फ्लोराइडची पेस्ट 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही जाऊन बसली.

2006 च्या राष्ट्रीय पाहणीत फिलिपिन्समधल्या सहा वर्षांच्या मुलांपैकी 97 टक्क्यांचे दात किडके निघाले. एवढं चिमट्याने उपसायचं तर विमानभर डेंटिस्ट कुठले पुरायला, आरमारच हवं. त्यावर तिथल्या सरकारी शाळांत ‘फिट फॉर स्कूल’ नावाचा अगदीच नीरस उपाय सुरू झाला: बाईंच्या देखत सगळ्या वर्गाने रोज फ्लोराइडच्या पेस्टने दात घासायचे, साबणाने हात धुवायचे, वर्षातून दोनदा जंताची गोळी. मुलामागे वर्षाचा खर्च डॉलरभरसुद्धा नाही.

पंचाईत इतकीच, की दात घासणाऱ्या पोराचा फोटो पहिल्या दिवशी आणि शंभराव्या दिवशी सारखाच येतो. शिवाय त्याला मत द्यायला अजून बारा वर्षं आहेत.