प्रायव्हेट की ग्रुपवर टाकणाऱ्या सल्लागारांना खुलं पत्र

सल्लागार महोदय,

आमच्या दूध संस्थेचा डॅशबोर्ड तुम्ही जोडून दिलात. बिल वेळेवर पाठवलंत, संस्थेनंही ते वेळेवर चुकतं केलं. त्या बिलात एक ओळ आहे : ‘सुरक्षित जोडणी, सर्टिफिकेटसह’. हे पत्र त्या एका ओळीबद्दल आहे. चारचौघांत लिहितोय, कारण आणखी किती संस्थांची कामं तुमच्याकडे आहेत हे तुम्हीच आमच्या बैठकीत छाती फुगवून सांगितलं होतंत.

त्या डेटाबेसमध्ये काय ठेवलंय, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. आता ऐका. सभासदाचं नाव, मोबाइल, बँक खातं. सकाळ-संध्याकाळचं दूध किती लिटर, फॅट किती, एसएनएफ किती. दर दहा दिवसांच्या बिलातून पशुखाद्यापोटी किती कापलं, कर्जाच्या हप्त्यापोटी किती, आणि हातात किती पडलं. कुणाचं घर अडचणीत आहे, हे या कपातीच्या रकान्यात सरळ दिसतं. जिचं अख्खं बिल हप्त्यात जातं, त्या बाईनं ते आम्हाला विश्वासात घेऊन सांगितलेलं नसतं. आम्हीच कापून घेतो म्हणून आम्हाला माहीत असतं. आणि म्हणूनच ते चार भिंतींबाहेर जाऊ न देणं ही आमची जबाबदारी आहे. ती पार पाडायला तुम्हाला बोलावलं होतं.

आता तुमचं काम पाहू. डेटाबेस पोस्टग्रेसचा, गूगलच्या क्लाउड एसक्यूएलवर. त्याला डॅशबोर्डचं टूल, लुकर स्टुडिओ, जोडायचं. जोडणीच्या पानावर एसएसएलची चौकट असते. तिथे खूण केली की टूल फाइली मागतं : सर्व्हरचं सर्टिफिकेट, क्लायंटचं सर्टिफिकेट आणि क्लायंटची प्रायव्हेट की. तिन्ही क्लाउड एसक्यूएलच्या कन्सोलवरच मिळतात. पहिल्या फाइलमुळे टूलला खात्री पटते की समोरचा डेटाबेस खरोखर आपलाच आहे. उरलेल्या दोन फाइलींमुळे डेटाबेसला खात्री पटते की समोरून येणारं टूल आपलंच आहे. यात प्रायव्हेट की स्वतः डेटाबेसकडे पाठवली जात नाही. तिनं केलेली सही तेवढी जाते. पासवर्ड चोरीला गेला तरी चोराला ती सही करता येत नाही. सगळा खटाटोप एवढ्यासाठीच.

तुम्ही सर्टिफिकेटं बनवलीत, टूलमध्ये चढवलीतही. पण डेटाबेसच्या बाजूनं सर्टिफिकेट सक्तीचं केलंच नाहीत. एन्क्रिप्शन नसलेली जोडणीही चालेल, हीच सेटिंग तशीच ठेवलीत. म्हणजे सर्टिफिकेट दाखवणाराही आत येणार, न दाखवणाराही येणार. विश्वासू क्लायंट सर्टिफिकेट असेल तरच जोडू द्या, हा पर्याय त्याच यादीत आहे. तो निवडायला किती वेळ लागतो? वर परवानगीच्या आयपींमध्ये ०.०.०.०/० लिहून ठेवलंत, म्हणजे जगातल्या कुठल्याही पत्त्यावरून या. लुकर स्टुडिओ कोणकोणत्या पत्त्यांवरून येतो, ती यादी गूगलनं छापून ठेवली आहे. पहिल्या दिवशी जोडणी लागेना, अध्यक्ष समोर बसलेले, म्हणून तुम्ही ‘टेस्टिंगपुरतं’ सगळं मोकळं केलंत. टेस्टिंग संपलं, तुम्ही निघून गेलात, ती शून्यं तिथेच राहिली.

संकलन केंद्रांच्या नोंदी रात्री वर पाठवणाऱ्या स्क्रिप्टमध्येही तेच. पोस्टग्रेसला एसएसएलमोड म्हणून सहा पर्याय आहेत. तुम्ही ‘प्रिफर’ राहू दिलात : एन्क्रिप्शन मिळालं तर घ्या, नाही मिळालं तर तसेच जा. मुळात तोच ठरलेला असतो, हे खरं. पण सुरक्षेच्या दृष्टीनं त्याला अर्थ नाही, असं पोस्टग्रेसचं स्वतःचं मॅन्युअल सांगतं. इथे ‘व्हेरिफाय-सीए’ लागतो. जे मॅन्युअल फुकट मिळतं, ते वाचण्याचेच तर पैसे आम्ही तुम्हाला दिले.

आणि ती प्रायव्हेट की. क्लाउड एसक्यूएल ती एकदाच, बनवताना, हाती देतं. गूगल तिची प्रत ठेवत नाही. हरवली तर नवी बनवावी लागते. इतकी जपायची वस्तू तुम्ही ‘सगळ्यांच्या सोयीसाठी’ संस्थेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलीत, खाली पासवर्डही लिहिलात. ग्रुपवर केंद्रांचे सचिव आहेत, टँकरचे ड्रायव्हर आहेत, नोकरी सोडून गेलेले दोघंतिघं आहेत. त्यांच्यातल्या कुणावरही माझा संशय नाही. पण आता ती फाइल त्यांच्या फोनमध्ये आहे, बॅकअपमध्ये आहे, दुकानात दुरुस्तीला दिलेल्या हँडसेटमध्ये आहे. अशी सर्टिफिकेटं दहा वर्षं चालतात. मी ती रद्द केली नसती, तर दहा वर्षं ती फाइल चालली असती.

मी फोन केला तेव्हा तुम्ही म्हणालात, ‘एवढ्याशा दूध संस्थेच्या मागे कोण लागतंय?’ या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. इंटरनेटवर उघडे असलेले पत्ते आणि पोस्टग्रेसचा ५४३२ हा पोर्ट चोरांचे प्रोग्राम चोवीस तास चाचपत असतात. संस्था केवढी, हे ते विचारत नाहीत. मोठ्यांचंही काय झालं ते पाहा. २०२४ साली स्नोफ्लेक या क्लाउड डेटाबेसच्या ग्राहकांवर हल्ले झाले. तपास करणाऱ्या मँडियंटनं सुमारे १६५ संस्थांचा डेटा धोक्यात आल्याचं सांगितलं. स्नोफ्लेकची यंत्रणा कुणी फोडली नव्हती. चोरलेले पासवर्ड होते, त्यातले काही कित्येक वर्षं बदललेले नव्हते. पासवर्डाखेरीज दुसरी ओळख मागितली जात नव्हती. कुठल्या पत्त्यांवरून यायचं याला बंधन नव्हतं. यातलं एकेक कारण आमच्याकडे तुमच्या हातानं तयार झालं होतं.

डॅशबोर्डची लिंकही ‘लिंक असणारा कुणीही’ अशी, आणि डेटा दिसणार मालकाच्या परवानगीनं. तिथे तर चोराला सर्टिफिकेटची गरजच उरली नव्हती. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा काम बाहेरच्याला दिलं तरी जबाबदारी संस्थेवरच ठेवतो. सुरक्षेत कसूर झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. तो भरायची पाळी आली, तर पैसा दुधाच्या दरातूनच जाणार.

आमच्याकडची दुरुस्ती मी केली आहे. जुनं सर्टिफिकेट रद्द केलं, नवं बनवलं, ते सक्तीचं केलं, पासवर्ड बदलला, शून्यं काढून नेमके पत्ते घातले. डॅशबोर्डला फक्त वाचण्यापुरता वेगळा युजर दिला, आणि त्याला बँक खात्यांचं टेबल दिसत नाही.

तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात. तुमच्या लॅपटॉपवरच्या आणि मेलमधल्या आमच्या सगळ्या फाइली पुसल्याचं लेखी द्या. ज्या-ज्या संस्थांना हीच ‘सुरक्षित जोडणी’ विकलीत, त्यांच्याकडे या आठवड्यात जाऊन परवानगीच्या आयपींचं पान उघडून बघा, आणि काय सापडलं ते त्यांना स्वतःच्या तोंडानं सांगा. आणि बिलातल्या त्या ओळीचे पैसे परत करा. सचिवांकडे खात्याचा नंबर आहे, फोनवर विचारू नका, ऑफिसात या.

— दूध संस्थेच्या संगणक विभागातून