ब्लूमच्या नावानं चांगभलं

दरवर्षी १६ जूनला डब्लिनमध्ये लोक गवती हॅट घालून 'युलिसिस'च्या लिओपोल्ड ब्लूमच्या पावलावर पाऊल टाकत हिंडतात. सकाळी किडनीचा नाश्ता, दुपारी डेव्ही बर्नच्या पबात चीज सँडविच आणि बर्गंडी, मधेच स्वेनीच्या दुकानातून लिंबाच्या वासाचा साबण. जेम्स जॉइसची ही कादंबरी पुरी वाचलीत का, असं विचारायचं नसतं. फार तर हॅट कुठून घेतली, ते विचारावं. (साबण मात्र सगळे पुरा वापरत असावेत.) १९५४ साली फ्लॅन ओब्रायन, पॅट्रिक कॅव्हना वगैरे लेखकमंडळी घोडागाड्या करून याच वाटेने निघाली आणि वाटेत बेली नावाच्या पबात जी बसली, ती बसलीच. वाचकांनी लेखकांचा कित्ता इतक्या निष्ठेने क्वचितच गिरवला असेल.