मंडळीतला थोमा

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरला ठाणं मांडलं. तेव्हापासून नगरकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांत पाळक आले-गेले, पेटीच्या शेजारी कीबोर्ड येऊन बसला. पण येशूच्या जखमेत बोट घातल्याशिवाय विश्वास न ठेवणाऱ्या त्या शिष्यासारखा एक थोमा मात्र प्रत्येक पिढीला न चुकता मिळत आला. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात त्याचं नाव वेगळंच असतं. शंका विचारता विचारता ते मागे पडतं आणि रविवारच्या शाळेतली पोरंसुद्धा "थोमाकाका आले" म्हणून बाकावर सरकून जागा करतात. वय साठीच्या पुढे, नोकरी बहुधा मास्तरकीची नाहीतर एसटीत हिशेबनिसाची झालेली, आणि शर्टाच्या खिशात टोक केलेली शिसपेन्सिल.

बुधवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते. ना. वा. टिळकांचं भजन होतं, शास्त्रवाचन होतं, पाळकसाहेब चष्मा पुसून बोधाला सुरुवात करणार, तोच कोपऱ्यातून खाकरण्याचा आवाज येतो. आत यजमानीणबाई चहाखालचा गॅस बंद करतात. आता अर्धा तास तरी कप लागणार नाहीत, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असतं.

"पाळकसाहेब, एक विचारू?"

विचारू नका म्हणायची सोय नसते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात जाळ्यात १५३ मासे सापडले असं लिहिलंय. मेलेला गुरू जिवंत होऊन काठावर निखारे पेटवून न्याहारीला बोलावतोय, आणि अशा वेळी मासे मोजत बसलं कोण? नोहाचं तारू ३०० हात लांब. त्यात हत्तींच्या वैरणीची जागा धरली होती का? काना गावच्या लग्नात सहा रांजण पाण्याचा द्राक्षारस झाला, तोही आधीचा संपल्यावर. मग वऱ्हाड घरी गेलं कसं? पाळकसाहेब बिचारे सेमिनरीत ग्रीक शिकून आलेले असतात, पण हत्तींच्या वैरणीवर तिथे तास झालेला नसतो. ते म्हणतात, "काका, विश्वासाने घ्यायचं." काका म्हणतात, "घेतो. पण कसं घ्यायचं तेवढं सांगा."

एकदा काकांचं बायबल चाळायला मिळालं. समासात उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत शिसपेन्सिलीची प्रश्नचिन्हं. योनाला गिळणाऱ्या माशापाशी तर दोन. मलाखीचा तिसरा अध्याय मात्र कोरा, म्हणजे प्रश्नचिन्हापुरता कोरा. दशमांश आणायला सांगितलेल्या त्या ओळीशेजारी पेन्शनचा आकडा, खाली दहाचा भागाकार, आणि बाकी उरलेले पैसे वरच्या रुपयात धरलेले. दर वर्षी महागाई भत्ता वाढला की जुना आकडा खोडून नवा मांडलेला. दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा, या योहान बाप्तिस्मा करणाऱ्याच्या सांगण्याशेजारी काही म्हणजे काहीच नाही.

याच वचनाबाबत काकूंच्या शंका मात्र पुष्कळ आहेत. "अंगरखे दोन यांचे, दिला तो जावयाचा," असं त्या म्हणतात. जावई दिवाळीच्या सुट्टीत स्वेटर विसरून गेला होता. तो पंधरा दिवसांत बसस्टँडवरच्या एका म्हाताऱ्याच्या अंगावर निघाला. तेव्हापासून पाहुणा निघाला की काकू फाटकापर्यंत जाऊन त्याचं सामान मोजतात.

मंडळीतली बाकी माणसं अशी नाहीत. त्यांचा विश्वास पक्का. योनाचा मासा, बोलणारं गाढव, दुभंगलेला तांबडा समुद्र, सगळं एका दमात मान्य. पण दशमांशाचा विषय निघाला की तेच गृहस्थ एकदम अभ्यासू होतात. दशमांश द्यायचा तो पगार कापून हातात येतं त्याचा की कापायच्या आधीचा? प्रॉव्हिडंट फंडाचं कसं करायचं? आणि मुळात हा जुना करार. आपण आता नियमशास्त्राखाली नसून कृपेखाली आहोत ना? कृपेचा हा सिद्धांत एरवी कुणाला फारसा आठवत नाही.

उपासना सुटल्यावर वस्तीवरची एखादी बाई पोराच्या फीसाठी पदर सावरत उभी राहते, तेव्हा तर गंमतच होते. सगळी मंडळी थोमा होते. नवरा पितो का? पोरगं खरंच शिकतंय का? मागच्या महिन्यात दुसऱ्या चर्चबाहेर हीच होती का? सगळ्यांना जखमेत बोट घालून बघायचं असतं. एकटे थोमाकाका तेवढे काही विचारत नाहीत. ते चौकशी ऐकत ऐकत पाकीट काढतात आणि चौकशी संपायच्या आत ते रिकामं झालेलं असतं. "फसवलं तर?" असं कुणी म्हटलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं: "तिने फसवलं तर हिशेब तिने द्यायचा. मी नाही दिलं तर मी."

कुणाची माती असेल त्या घरी मात्र काका गप्प असतात. बाकीचे देवाची योजना समजावून सांगत असतात तेव्हा हे शवपेटीवाल्याला फोन लावतात, दफनभूमीतली जागा बघून येतात. कुणी छेडलंच तर म्हणतात, "ईयोबाचे मित्र सात दिवस गप्प बसले तोवर ठीक चाललं होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं."

थोमा म्हटल्याचा त्यांना राग नाही, उलट जरा मिरवतातच. म्हणतात, "येशू मेलेल्या लाजरच्या गावी निघाला तेव्हा दगडमार होईल म्हणून सगळे शिष्य कचरत होते. चला, आपणही त्याच्याबरोबर मरू, असं म्हणणारा कोण? थोमाच. ते कुणी लक्षात ठेवत नाही." हे मात्र खरं. फुकटात मानता येण्यासारखं जे असतं, त्याला काका कसून हरकत घेतात. ज्याची किंमत पडते ते मुकाट्याने मानतात. उरलेल्या मंडळीचं नेमकं उलट, त्यामुळे एकूण हिशेब जमतो.

सुगीच्या उपकारस्तुतीला लोकांनी वाहिलेल्या जिनसांचा लिलाव होतो. गेल्या खेपेला एका लाल भोपळ्यावर काका पाचशे रुपये बोलले, पैसे मोजले, आणि भोपळा परत टेबलावर ठेवून म्हणाले, "पुन्हा बोली लावा." मग घसा खाकरला. "पाळकसाहेब, एक विचारू? येशूने मंदिरातल्या व्यापाऱ्यांची टेबलं उलथली होती. मग आपण देवाच्या दारात हा लिलाव..."

पाळकसाहेबांनी छताकडे पाहिलं. खजिनदार मात्र खुशीत होते. "विचारा की काका, बिनधास्त विचारा," ते म्हणाले, "फक्त पावती तेवढी फाडू द्या."