पोहे उत्तम होते

आग लागल्यावर काय करायचं, हे साऱ्या देशाला शिकवणारी संस्था नागपुरात आहे. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ पासून इथं आहे. तेव्हा विद्येला तोटा नाही.

तरी आपल्या कचेऱ्यांतलं मॉक ड्रिल पाहा. आठवडाभर आधी परिपत्रक, सकाळी अकराचा मुहूर्त, साहेबांची खुर्ची सावलीत. टिनाच्या पिप्यात आग पेटते, एक उत्साही बाबू सिलिंडरची पिन ओढतो, टाळ्या, फोटो, मग तर्री-पोहे. शेवटी अभिप्रायाचा कागद फिरतो: प्रशिक्षण कसे वाटले? सगळे ‘उत्तम’वर खूण करतात. पोहे खरंच उत्तम असतात.

अमेरिकेतल्या डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली प्रशिक्षण तपासायच्या चार पायऱ्या मांडल्या: आवडलं का, कळलं का, कामावरचं वागणं बदललं का, आणि त्याचं फळ काय. आपण पहिल्या पायरीवर सतरंजी अंथरून बसलो आहोत.

भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ ला आग लागली ती मध्यरात्र उलटल्यावर. नवजात कक्षातली दहा बाळं गेली, सात वाचली. बरोबर तीन महिन्यांनी, ९ एप्रिलला, नागपूरलगतच्या वाडीत एका खासगी रुग्णालयात आग लागून रुग्ण दगावले. अकराच्या मुहूर्तावर शिकलेले बहुतेक लोक रात्री दोनला घरी झोपलेले असतात. जागे असतात ते रात्रपाळीची सिस्टर, वॉर्डबॉय आणि कंत्राटी गार्ड. त्यांची नावं हजेरीपत्रकात असतात, प्रशिक्षणाच्या यादीत क्वचित.

वागणं बदललं का, हे बघायला समिती लागत नाही. प्रशिक्षणानंतर सहा महिन्यांनी, न कळवता, रात्री जा. मागच्या दाराची किल्ली कोणाकडे आहे विचारा. सिलिंडरसमोर रचलेली खोकी हलली का बघा. खोकी तिथंच असतील तर प्रशिक्षण झालंच नाही, भिंतीवर प्रमाणपत्रं कितीही असोत.

महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्यानुसार इमारतीच्या मालकाला दर जानेवारी-जुलैत यंत्रणा सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. ती यंत्रणा चालवणारी माणसं सुस्थितीत आहेत का, याचा रकाना त्यात नाही.