वंशाचा दिवा, मुक्काम यॉर्कशर

बापाकडून मुलाला काय काय मिळतं याची यादी घरोघरी निराळी असते. जमीन मिळते, कर्ज मिळतं, चिडका स्वभाव मिळतो. टक्कलही बापाच्याच नावावर खपवलं जातं. वास्तविक त्यात आईकडच्या मंडळींचा वाटा चांगलाच मोठा असतो. यातलं काहीच हमखास नाही. हमखास मिळतं ते एकच, वाय गुणसूत्र. बापाकडून मुलाला, मुलाकडून नातवाला, जवळजवळ जसंच्या तसं. नक्कल होताना कधीमधी एखादं अक्षर चुकतं आणि ती चूक पुढच्या सगळ्या पुरुषांच्या गळ्यात पडते. या चुका जुळवत मागे गेलं की कोणाचा खापरपणजोबा कोणाच्या खापरपणजोबाशी कुठे जाऊन मिळतो ते कळतं.

ज्याला आपण वंशाचा दिवा म्हणतो, तो प्रयोगशाळेत पाहिला तर अगदीच बेताचा निघतो. एक्स गुणसूत्रावर आठशेच्या वर जनुकं; वायवर शंभराच्या आसपास, आणि त्यातलीही बरीचशी पुरुषबीज तयार करण्याच्या एकाच उद्योगात गुंतलेली. २००३ साली मानवाचा जनुकसंच वाचून झाल्याचं जाहीर झालं, तेव्हा वायचा निम्म्याहून अधिक भाग वाचायचा राहिलाच होता. त्याच त्या मजकुराच्या इतक्या उलटसुलट आवृत्त्या त्यात आहेत की वाचणाराच वाट चुकतो. टोकापासून टोकापर्यंत तो वाचून व्हायला २०२३ साल उजाडलं. ज्याच्यासाठी घराघरांत एवढे नवस बोलले गेले, त्याला शास्त्रज्ञांनी वीस वर्षं ताटकळत ठेवलं.

आपल्याकडे गोत्रही असंच चालतं. बापाकडून मुलाकडे जातं, आणि मुलीचं मात्र लग्नात बदलून टाकतात. सोय अशी की गोत्राच्या मुळाशी ऋषी असतो आणि ऋषीचा नमुना मागायला कोणी जात नाही. इंग्लंडात ऋषींची टंचाई असल्यामुळे तिथल्या लोकांनी आडनावं तपासायला घेतली. ऑक्सफर्डचे ब्रायन साइक्स यांनी २००० साली सुरुवात स्वतःच्या आडनावापासून केली. साइक्स हे मूळचं यॉर्कशरचं आडनाव. तपासलेल्या साइक्स मंडळींपैकी जवळजवळ निम्म्यांचं वाय गुणसूत्र एकाच घराण्याचं निघालं. सातशे वर्षांच्या आसपासचा संसार धरला तर हे प्रमाण चांगलंच म्हणायचं. उरलेल्या निम्म्यांबद्दल सभ्य माणसांनी दत्तकविधान, सावत्र बाप वगैरे कारणं द्यायची असतात.

मग लेस्टर विद्यापीठात टुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी हेच काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतलं, आणि नमुन्यांच्या ढिगातून एक भलताच पाहुणा बाहेर आला. देणारा गृहस्थ अस्सल इंग्रज. आडनाव पूर्व यॉर्कशरमधलं आणि अत्यंत दुर्मीळ. घराण्याच्या आठवणीत इंग्लंडबाहेरचं कोणी नाही. आणि वाय गुणसूत्र ए-१ गटाचं! जगातल्या पुरुषांचा जो वंशवृक्ष मांडला आहे त्यात ए ही अगदी बुंध्याशी फुटलेली फांदी. ती आफ्रिकेतच सापडते असं तोवर धरून चाललेलं. त्यातही ए-१ पश्चिम आफ्रिकेत, आणि तिथेही थोडक्याच माणसांत. पश्चिम युरोपात तिचा एकही नमुना नोंदलेला नव्हता. त्याच आडनावाचे अठरा पुरुष गाठून तपासले, तर सात जणांकडे तोच ऐवज. कागदपत्रं धुंडाळली तेव्हा सात जण दोन घराण्यांत बसले. दोन्ही घराण्यांचे मूळपुरुष अठराव्या शतकाच्या अखेरीला यॉर्कशरमध्येच नांदत होते, आणि त्या दोघांचा सामाईक पूर्वज त्याच्याही काही पिढ्या मागे. २००७ साली हा निबंध छापून आला.

आता हा आफ्रिकेचा माणूस यॉर्कशरच्या थंडीत काय करत होता? उत्तरांची टंचाई नाही. रोमनांच्या काळात हेड्रियनच्या भिंतीवर उत्तर आफ्रिकेतल्या मूर शिपायांची तुकडी पहाऱ्याला होती, तसा शिलालेखच आहे. सेप्टिमियस सेव्हेरस हा सम्राट आजच्या लिबियात जन्मला आणि २११ साली वारला तो थेट यॉर्कमध्ये. पुढे आठव्या हेन्रीच्या दरबारात जॉन ब्लँक नावाचा कृष्णवर्णी तुतारीवाला होता. १५११ सालच्या एका चित्रगुंडाळीत तो डोक्याला फेटा बांधून घोड्यावर बसलेला दिसतो. एलिझाबेथ राणीने १५९६ मध्ये अशा लोकांची संख्या फार झाल्याची तक्रार पत्रांतून केली होती, म्हणजे ते बऱ्यापैकी दिसत असणार. त्यानंतर गुलामांचा व्यापार वाढला आणि आफ्रिकेतून थेट किंवा वेस्ट इंडीजमार्गे आलेले नोकर, खलाशी इंग्लंडच्या बंदरांत आणि हवेल्यांत दिसू लागले. रोमन शिपाई पूर्वज मिळाला तर कोणाला नको? पण दोन घराण्यांचं नातं इतकं अलीकडचं आहे, आणि धागा पश्चिम आफ्रिकेकडे जाणारा आहे, की माझं मत खलाशाला किंवा नोकराला.

यॉर्कशरच्या माणसाला हे पचायला जरा जडच जावं. त्या परगण्याचा अभिमान प्रसिद्ध आहे. त्यांच्या क्रिकेट क्लबात परगण्याबाहेर जन्मलेल्याला खेळवायचं नाही हा दंडक अनेक दशकं पाळला गेला. तो सैल झाला आणि १९९२ साली परदेशातून पहिला खेळाडू आला तो आपला सचिन तेंडुलकर, तेव्हा एकोणीस वर्षांचा. गंमत अशी की दंडकाचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता, वर्षानुवर्षं संघाचा कर्णधार असलेला लॉर्ड हॉक, जन्माने शेजारच्या लिंकनशरचा. म्हणजे नियम काटेकोर लावला असता तर कर्णधार बाहेर बसला असता, आणि त्या आफ्रिकी पाहुण्याचा यॉर्कशरमध्ये जन्मलेला मुलगा खुशाल सलामीला गेला असता.

सात जणांचे चेहरे पाहून काही कळायची सोय नव्हती. साधा हिशेब आहे. दहा पिढ्या मागे गेलं की पूर्वजांच्या जागा होतात १०२४. त्यातल्या एकाने वाय दिला, बाकीच्या १०२३ जणांनी उरलेला माणूस घडवला. कातडीचा रंग, केसांची ठेवण वगैरे ठरवणारी जनुकं दुसऱ्या गुणसूत्रांवर असतात आणि ती दर पिढीला निम्म्याने विरळ होतात. यॉर्कशरच्या मुली सून होऊन येत राहिल्या आणि पाहुण्याचं सगळं रूप त्यांनी धुऊन काढलं. उरला तो एवढासा वाय.

तोही उरला हेच नवल. पुरुषांकडूनच चालणारी ओळ किती सहज बुडते याची चिंता फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८७३ साली गणिताच्या कोड्यासारखी एका मासिकात छापून टाकली होती. थोरामोठ्यांची आडनावं का नामशेष होतात, असा प्रश्न. उत्तर दिलं रेव्हरंड हेन्री विल्यम वॉटसन यांनी. पद्धत उत्तम, निष्कर्ष मात्र असा की कुठलंही घराणं शेवटी बुडणारच! तो चुकला होता. मुलगे पुरेसे होत असतील तर ओळ टिकण्याची आशा असते. पण धर्मोपदेशकाकडून याहून आनंदी निष्कर्षाची अपेक्षा तरी कशी करावी. गॉल्टन यांना स्वतःला मूलबाळ नव्हतं. एकेकट्या परदेशी माणसाची ओळ तर पहिल्या दोनतीन पिढ्यांतच संपायची शक्यता मोठी: एका घरी सगळ्या मुलीच, दुसऱ्या घरी मुलगा समुद्रावर गेलेला. यॉर्कशरची ओळ या सगळ्यातून पार पडली, ती केवळ वेळेवर मुलगे झाले म्हणून.

अमेरिकेचे एके काळचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या घराण्याचं वायही असंच विरळा. युरोपात क्वचित दिसणारं, पश्चिम आशिया आणि पूर्व आफ्रिकेकडे जास्त आढळणारं. त्यांच्या मालकीच्या सॅली हेमिंग्ज या गुलाम स्त्रीच्या मुलांचा बाप कोण, हा वाद दीडशेहून अधिक वर्षं चालू होता. १९९८ मध्ये तिच्या धाकट्या मुलाच्या वंशजाचं वाय जेफरसन घराण्याशी जुळलं. विरळा वस्तू असल्यामुळे योगायोग म्हणून सोडून देणं कठीण झालं. मग कोणी राष्ट्राध्यक्षांचं मूळच पश्चिम आशियात शोधू लागलं, तेव्हा पुन्हा टुरी किंग आणि मंडळींनी ब्रिटनमधले ८५ जेफरसन तपासले. दोघांकडे तेच वाय निघालं. मूळपुरुष कधी काळी कुठूनही आलेला असो, थोरले जेफरसन इंग्लंडमार्गेच आले होते.

याच टुरी किंग पुढे तिसऱ्या रिचर्डच्या हाडांमागे लागल्या. १४८५ साली लढाईत पडलेला हा राजा २०१२ मध्ये लेस्टरच्याच एका गाडीतळाखाली सापडला. आईकडच्या नात्याची खूण बरोबर जुळली. बापाकडच्या बाजूने वंशावळीप्रमाणे राजाचे दूरचे भाऊबंद ठरणारे पाच जण आजही हयात होते. त्यांचे नमुने घेतले. एकाचंही राजाशी जुळेना. मधल्या शतकांत कागदावरचा बाप आणि खरा बाप यांची कुठेतरी चुकामूक झाली होती. एवढ्यावर भागलं असतं तर ते राजघराण्याचं प्रकरण म्हणून सोडून देता आलं असतं. पण पाचांपैकी चौघांचं आपसात जुळलं आणि पाचव्याचं त्यांच्याशीही जुळलं नाही, म्हणजे त्याच्या शाखेतली चुकामूक त्या मानाने ताजी. अशी बातमी घेऊन एखाद्याच्या दारात जायचं झालं तर चहा आधी घ्यावा की नंतर, याचं मार्गदर्शन कुठल्याच शोधनिबंधात नसतं.