हिमवादळ, स्लिपा आणि निफाडचे मामा

निफाडकरांना थंडीचा भारी अभिमान. हिवाळ्यात 'निफाडचा पारा घसरला' ही बातमी पेपरात आल्याशिवाय तिथल्या माणसाला चहा गोड लागत नाही. माझे मामा निफाडचे द्राक्षबागायतदार. पारा उतरला की पहाटे उठून बागेत शेकोट्या पेटवायच्या, ठिबक सोडायचं आणि उजाडल्यावर साऱ्या गोतावळ्याला फोन करून आकडा ऐकवायचा, हा त्यांचा नेम. आकडा जितका खाली, तितका मामांचा आवाज वर.

मी राहते हवाईच्या मोठ्या बेटावर, हिलो गावात. विषुववृत्तापासून निफाड जेवढं लांब, जवळजवळ तेवढंच हिलो. त्यामुळे भाची अमेरिकेत असूनही थंडीच्या बाबतीत कुचकामी ठरली, हे मामांचं जुनं दुःख. आमच्याकडे रात्री १८ अंश झाले की शेजारीपाजारी हूडी चढवून 'काय गारठा!' म्हणतात. पायांत मात्र रबरी स्लिपाच. घरात हीटर नाही आणि खिडक्या काचेच्या पट्ट्यांच्या. त्या घट्ट लागतच नाहीत, लावायची कुणाला घाईही नाही.

अशा गावाला डिसेंबर २०२१च्या सुरुवातीला हवामान खात्याने बातमीत आणलं. बेटावरच्या शिखरांसाठी हिमवादळाचा इशारा! ३० सेंटिमीटर किंवा जास्त बर्फ, ताशी १६० किलोमीटरहून जोराचे झोत. मुख्य भूमीवरच्या वाहिन्यांना तर पर्वणीच. मामांचा फोन आला तेव्हा मी पंख्याखाली पपई कापत होते.

"अगं, टीव्हीवर पट्टी आलीये. रजया आहेत का पुरेशा?"

"मामा, ते डोंगरावर आहे."

"डोंगर दिसतो का घरातून?"

"दिसतो. पण आत्ता ढगात आहे."

"मग! दिसतो म्हणजे जवळच की!"

तसं त्यांचं चुकत नव्हतं. मौना केआ ४,२०७ मीटर उंच. अडीच कळसूबाया एकीवर एक रचल्या तरी थोडा उरेल, आणि किनाऱ्यावरून निघालेली गाडी दोनेक तासांत माथ्यावर. एरवी इथे ईशान्येचे वारे शिस्तीत वाहतात. हिवाळ्यात मधूनच 'कोना लो' नावाचं कमी दाबाचं क्षेत्र बेटांजवळ येऊन ठाण मांडतं, वारे दिशा बदलतात आणि दमट हवा डोंगर चढू लागते. खाली धो-धो पाऊस, वर बर्फ. बर्फाचं नवल नाही, तो बहुतेक हिवाळ्यांत पडतो. हिमवादळ म्हणवून घ्यायला मात्र ताशी ५६ किलोमीटरचा वारा आणि ४०० मीटरपलीकडचं न दिसणं, हे सलग तीन तास टिकावं लागतं.

इथले जुने लोक हे सगळं पोलिआहूवर सोपवतात. ती मौना केआची हिमदेवता. ज्वालामुखीची देवता पेले हिच्याशी तिचं हाडवैर. घसरगाडीच्या शर्यतीवरून दोघींचं जुंपलं, एकीने लाव्हा सोडला, दुसरीने बर्फ पांघरून तो थिजवला. थोडक्यात, नळावरचं भांडण, फक्त बादल्या मोठ्या.

वादळ ओसरून रस्ता मोकळा झाला की पिकअप गाड्या वर धावतात. लाटांवर पोहायच्या फळ्या घेऊन पोरं उतारावरून घसरतात, पायांत अर्थातच स्लिपा. मग फावड्याने बर्फ भरून गाडी खाली समुद्रावर आणायची. अशाच एका गाडीच्या टपावरचा हिममानव मी नारळाखाली उभा पाहिला. गाजराचं नाक गळून काचेवर आलं होतं आणि मालक वायपरने ते बाजूला सारत होता.

मामांना हे कौतुक पटलं नाही. "आकडा सांग," म्हणाले. मी हवाईचा विक्रम सांगितला: मौना केआवर उणे ११, १७ मे १९७९.

"मे?" मामा गप्प. मेमध्ये निफाडला काय असतं, ते त्यांना मी सांगायला नकोच होतं.

हसणाऱ्या वाहिन्यांना मात्र एक सांगायला हवं. रॉकी पर्वताच्या पायथ्याचं डेन्व्हर तेव्हा कोरडं ठणठणीत होतं. तिथे मोसमातला पहिला बर्फ पडला १० डिसेंबरला, आमच्यानंतर.

कुणी येणार असाल तर पोहण्याचे कपडे आणि कानटोपी एकाच बॅगेत भरा. वर जाताना २,८०० मीटरवरच्या थांब्यावर किमान अर्धा तास काढा, विरळ हवेने डोकं गरगरतं. आणि स्लिपा घालून वर जाऊ नका, ते इथल्या पोरांनाच जमतं.