विषय हार्ड डिस्क

कबनुरात जुना माग घ्यायचा म्हटलं तर माणूस चार शेड हिंडतो, माग चालवून बघतो, कान लावून आवाज ऐकतो. तोच माणूस घरच्या कॉम्प्युटरबद्दल मात्र स्टिकर बघून बोलतो.

आमच्याकडं सहाव्या पिढीचा आय-थ्री आहे. बटण दाबून चहा टाकला, तर चहा संपतो आणि चक्र फिरतच असतं. भाच्यानं लगेच निकाल दिला, "मामा, आय-सेव्हन टाका, विषय हार्ड!"

विषय हार्डच होता, पण हार्ड डिस्कचा. मिनिटाला 7200 फेरे मारणारी ती तबकडी सेकंदाला जेमतेम दीडशे एमबी देते, आणि फायली विखुरलेल्या असल्या तर तेवढंही नाही. साधी साटा एसएसडी पाचशेच्या वर देते. कांडीच वेळेवर येत नसेल, तर मागाची मोटर बदलून कापड वाढतं होय?

शिवाय भाच्याला हवा असलेला आय-सेव्हन आठव्या पिढीचा, आणि सहाव्या पिढीच्या बोर्डावर आठवी पिढी चालत नाही. सॉकेटच्या पिना दोन्हीकडं 1151च, तरी सोयरीक जुळत नाही. म्हणजे नवा बोर्ड आला. विंडोज 10चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025ला संपला आणि 11ला इंटेलची निदान आठवी पिढी लागते, हे भाच्याचं म्हणणं खरं. पण आमचं काम काय? वीजबिल, सातबारा आणि पत्त्यांचा डाव.

एसएसडी बसवली. आता चहा उकळायच्या आत मशीन तयार असतं. भाचा नाराज आहे. तो ग्राफिक्स कार्डाचे भाव काढतोय, माझ्या पत्त्यांसाठी.